डबल घंटीचा दिवा

यवतमाळ
२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बा यांस पुष्पाचा दंडवत.

तू मचाणावरून पडलास हे मला तुझ्या पत्रातून कळायला हवं होतं. कळलं कुठे, तर डेपोच्या कँटीनमध्ये. फुलसावंगीच्या गाडीवरचा कंडक्टर चहा ढवळत म्हणाला, "पुष्पाताई, तुमचे बाबा पडलते म्हने. आता बरं हाय ना?" इतकी वर्षं चालत्या एस.टी.त उभी राहून तिकिटं देते, कधी तोल गेला नाही. त्या दिवशी बाकावर बसलेली असून गेला.

बा, तू दिवस बुडताना पडलास आणि दुसऱ्या दिवशी लालीबाई गवताला आली तेव्हा तिला सापडलास. तोवर चिखलात पडून होतास. लालीबाईचा ओटा तिथून समोर दिसतो. नागोरावकाका बांधाच्या पलीकडे त्यांच्याच वावरात पिकाच्या राखणीला, जागलीला होते. पूर्वीचा तू असतास तर एका हाकेत अख्खा तांडा गोळा झाला असता. पण गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तुझा आवाज गेला, हे तू सोडून सगळ्यांनी मान्य केलं आहे.

त्या खोलगट वावरात मोबाइलला रेंज नाही. डॉक्टरांनी दिलेलं गळ्याला लावून बोलायचं यंत्र तू पेटीत टाकलंस, कारण म्हणे त्याच्या आवाजाला बकऱ्या बिचकतात. मग उरलं काय?

माझं ऐक. वावर नागोरावकाकांना बटईनं कसायला दे आणि इकडे ये. राजकुमार जावई असला तरी मुलासारखा तुझी खाट पुढच्या खोलीत टाकायला तयार आहे. खुशी तर आत्तापासूनच मैत्रिणींना सांगत सुटली आहे की आमचे नाना राहायला येणार. याडी गेली, माझी आई गेली, तेव्हापासून तू एकटा आहेस, मी काही बोलले नाही. आता बोलते. तुला काही झालं तर ते मला पुन्हा कँटीनमध्ये कळायला नको.

उत्तर फुलसावंगीच्या गाडीवर कंडक्टरकडे दे. फोनवर तू नुसता श्वास घेतोस आणि मी इकडे रडते, त्यापेक्षा पत्र बरं.

तुझी
पुष्पा


तांडा, फुलसावंगीजवळ
६ सप्टेंबर

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.

पडलो हे खरं. पण लोक सांगतात तेवढ्या उंचावरून नाही. मचाण मीच बांधलं आहे, त्याची उंची मला ठाऊक. एक बांबू कुजला होता, त्यानं दगा दिला. नवा लावला आणि जुना चुलीत घातला. तुझा अर्धा राग त्याच्यावर काढ.

यवतमाळला येऊन मी काय करू? तुमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. ऑपरेशननंतर राहिलो होतो तेव्हा समोरची बाई मला बघून पडदा ओढून घ्यायची. तिचंही बरोबर होतं, मी दिवसभर तिच्याकडेच पाहत बसायचो. दुसरं पाहायला होतं काय? इथे मला माझी तूर दिसते, नागोराव दिसतो. थट्टा सोडून सांगतो पुष्पा, घरात माणसं बोलायला लागली की माझा आवाज गेल्याचं मला कळतं. वावरात कोणीच बोलत नाही, तिथे मी इतरांसारखाच असतो. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नको.

पण तू म्हणतेस ते मला उमगत नाही असं समजू नको. त्या चिखलात पडून मी हाक मारली. तोंड उघडलं, जोर लावला, तर गळ्याच्या भोकातून नुसती हवा निघाली. लालीबाईच्या ओट्यावरचा बल्ब समोर दिसत होता. ती भांडी घासताना दिसत होती.

तेव्हा काहीतरी साधन पाहिजे, हे मला मान्य. शिट्टी माझ्या कामाची नाही, तोंडातून श्वासच येत नाही. थाळी वाजवावी तर या दिवसांत वावरावावरात थाळ्या वाजतात, डबे वाजतात, फटाके फुटतात. रानडुकरांनी सोयाबीन उकरून टाकलं आहे. कोणाची थाळी डुकरासाठी आणि कोणाची जिवासाठी, हे कोण ओळखणार? म्हणून आवाजाचं नको, दिव्याचं बघ. समुद्रावरच्या लोकांकडे म्हणे संकटात लावायचा लुकलुकता दिवा असतो. तसा एखादा आण. दिवा कामाचा निघाला तर मी इथेच राहणार. नाही निघाला तर तू म्हणशील तिथे येईन आणि त्या बाईच्या पडद्याकडे बघत बसेन. बोल, आहे सौदा?

तुझा
बा


यवतमाळ
१६ सप्टेंबर

ती. बा यांस,

सौदा मंजूर. माझी आठवड्याची सुटी दत्त चौकात गेली. दिवा निवडणं लुगडं निवडण्यापेक्षा अवघड निघालं.

दुकानदारानं पहिला दाखवला तो रस्त्याच्या कामावर लावतात तसला, पिवळा, भोपळ्याएवढा. तो घेऊन तू मचाणावर चढणार कसा? मग लुकलुकणारी बॅटरी दाखवली. बरी होती, पण तिचा उजेड एकाच बाजूला जातो. तू पडलास आणि ती तोंड खाली करून पडली, तर ते मुंग्यांना कळेल, लालीबाईला नाही. तिसरा चार्जिंगचा. तुझ्या वावरातल्या लाइनीचा भरवसा तुलाच नाही, मी कसा धरू?

शेवटी आतून एक डबी निघाली. होडीतले लोक अंगातल्या जाकिटाला लावतात तो दिवा. मुठीत मावतो. डोकं काचेसारखं आणि गोल, त्यामुळे कसाही पडला तरी उजेड चारी बाजूंना. पांढराफटक, डोळे दिपवणारा. बटण सरकवायचं आहे आणि त्याला अडकण आहे, म्हणजे खिशात आपोआप लागणार नाही. खोट एकच, सेल वेगळे लागतात, जाड आणि आखूड. ते तिकडे मिळायचे नाहीत, मलाच इथून पाठवावे लागतील. विचार केला, बरंच आहे. तेवढीच तुझी दोरी माझ्या हातात.

घरी आणून त्याची परीक्षा घेतली. बादलीत बुडवला, तरी लुकलुकत राहिला. ओट्यावरून फरशीवर टाकला, काही झालं नाही. डोळे मिटून डाव्या अंगठ्यानं लावून पाहिला, लागला. संध्याकाळी गच्चीवर लावून ठेवला आणि राजकुमारला रस्त्याच्या टोकापर्यंत पिटाळलं. तिथूनही दिसला म्हणे. तेवढ्यात खालच्या विजयमालाबाई धापा टाकत वर आल्या. "कोनाची हळद हाय वं? डीजे कवा येनार?" आम्ही पोट धरधरून हसलो.

आता नीट वाच. दिवा खांद्याशी, छातीच्या बाजूला पिनेनं अडकव. कमरेला नको, पडल्यावर अंगाखाली जाईल. आणि एकदा कोणाला न सांगता लावून बघ. कोण येतं ते मला कळव. आधी सांगून ठेवलंस तर ती परीक्षा नाही, कॉपी होईल.

तुझी
पुष्पा


तांडा
२१ सप्टेंबर

चि. पुष्पास आशीर्वाद.

दिवा पोचला. फारच छान. तू सांगितलंस तसा कोणाला न सांगता लावला. लगेच सगळे धावत आले. लालीबाई तर जेवता जेवता उठली, हातात भाकर तशीच. नागोराव अनवाणी आला. मी त्यांना चहा करून पाजला आणि सगळी हकीकत पाटीवर लिहून दाखवली. तेव्हा आता काळजीचं कारण नाही आणि खाटेचंही.

खुशीला पापा.

तुझा
बा


यवतमाळ
३ ऑक्टोबर

बा,

काल माझी पुसद गाडी होती. लालीबाई यवतमाळला डोळे दाखवून परत निघाली होती, ती माझ्याच गाडीत बसली. मी तिला म्हटलं, "लालीबाई, त्या दिवशी भाकर हातात घेऊन धावलीस, मी विसरनार नाही."

"कोनती भाकर वं?"

"बानं दिवा लावला तवा."

"कोनता? तो पांढरा? तो त डुकराचा लाइट हाय ना! लय भारी हाय बाई. आमच्या हरिसिंगभियानं, तुह्या बानं, लावला तवा मी ओट्यावर बसून पाहून राह्यली होती. नागोरावबी म्हने, असा लाइट आपल्यालेबी पाह्यजे. कुठून आनला, मले सांगजो बरं."

बा, मला पुढची तिकिटं देताना काही दिसत नव्हतं. डुकरांना हाकलायला आता तिकडे प्रत्येक वावरात लुकलुकते दिवे लावतात, हे मला माहीत नव्हतं. तुला होतं. माझ्या दिव्यात विजयमालाबाईंना डीजे दिसला तेव्हा मी हसले. तांड्याला त्यात डुक्कर दिसलं. तू संकटाचा दिवा लावून बसलास आणि तुझे लोक त्याचं कौतुक करत जेवले.

आणि तू मला खोटं लिहिलंस. नुसतं खोटं नाही, त्यात भाकर घातलीस. त्या भाकरीमुळेच मला खरं वाटलं. मी ते पत्र राजकुमारला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. खूप बरं वाटलं होतं मला.

आता सौदा तुझ्याच शब्दानं मोडला. दवाळी झाली की मी गाडी घेऊन येते. नागोरावकाकांना बटईचं विचारून ठेव.

पुष्पा


तांडा
९ ऑक्टोबर

चि. पुष्पास आशीर्वाद.

भाकर मी घातली, कारण नुसतं 'आले' लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. लहानपणापासून तुला गोष्टीत खायला काय होतं ते सांगावं लागतं. पण चूक झाली. आता खरं सांगतो, त्यात खायला काही नाही.

डुकरांचे दिवे मला माहीत होते, पण समुद्रावरचा दिवा त्यांत वेगळा ओळखू येईल असं वाटलं होतं. दिवा लावला आणि पडल्यासारखा आडवा झालो. म्हटलं, परीक्षा खरी व्हावी. थोड्या वेळानं बांधापलीकडून नागोरावची बॅटरी हलली. वाटलं, आला. तो तिथूनच ओरडला, "वा रे हरिसिंग! कुठून आनला?" आणि आपल्या मचाणाकडे गेला. मी उठून बसलो. चारी बाजूंना पाहिलं. लाल, निळे, पांढरे, जिकडे तिकडे लुकलुक. सगळं शिवार मदतीला बोलावतं आहे आणि कोणीच कोणाकडे जात नाही, असं ते दिसत होतं.

पुष्पा, माझा आवाज गेला हे मला त्या वेळी खरं वाटलं. ऑपरेशनच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी रडलो. आवाज नसला की रडणंसुद्धा आपलं आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून तुला खोटं लिहिलं. ते खरं लिहायला हात उचलला नाही.

पण नंतर एक गोष्ट आठवली. तू लहान असताना माझ्याबरोबर जागलीला यायचीस. जेवणं झाली की मी 'होऽऽ' करून हाक द्यायचो. नागोरावचा बाप उत्तर द्यायचा, मग त्याच्या पलीकडचा, मग नाल्याकाठचा, अशी हाक सगळ्या शिवाराला फिरून माझ्याकडे यायची. फिरून आली की झोपायला मोकळे. मध्येच कुठे अडली तर जिथे अडली तिथे लोक काठ्या घेऊन जायचे. बघ, 'वाचवा' म्हणून तेव्हा कोणी ओरडतच नव्हतं. साप चावून पडलेला माणूस ओरडणार कसा? आम्ही सगळं बरं असल्याची हाक द्यायचो आणि न आलेल्या हाकेला धावायचो. डुकरांचे दिवे आले तशी ती हाक बंद पडली. प्रत्येकाला वाटलं, समोरच्याचा दिवा चालू आहे म्हणजे माणूसही बरा असेल.

म्हणून मी थंड्याच्या हिरव्या बाटलीचं बूड कापलं आणि तुझ्या दिव्याला टोपी घातली. शिवारात हिरवा दुसऱ्या कोणाचाच नाही. नागोरावला पाटीवर लिहून दिलं, हिरवा चालू म्हणजे मी बरा, हिरवा बंद म्हणजे ये. तो डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजे रातभर चालू ठेवशीन? अन् सेल गेले त मी उगाच झोपेतून उठून धावू?" त्याचंही खरं. इथे माझी गाडी अडली आहे. दिवसभर इशाऱ्यांवर गाडी हाकणारी तू, तुला काही सुचतं का बघ. नाहीतर दवाळीनंतर ये. मी भांडणार नाही.

तुझा
बा


यवतमाळ
१४ ऑक्टोबर

ती. बा यांस,

राग गेलेला नाही. पण तुझं पत्र वाचून ड्यूटीवर गेले आणि पहिल्याच स्टॉपवर दोरी ओढताना हात थांबला. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं.

बा, एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. मी डबल दिल्याशिवाय गाडी हलत नाही, मागे कितीही लोक ओरडोत. आणि डबल मिळाली की ड्रायव्हर पुन्हा विचारत नाही. गाडीभर कोण काय बोलतं याच्याशी त्याला घेणं नसतं, त्याचा कान त्या घंटीकडे.

तर असं कर. जेवण झालं की दिवा लाव, दोनदा लुकलुकू दे, बंद कर. ती डबल घंटी. मी बरा आहे, झोपा. नागोरावकाकांनी त्यांची बॅटरी दोनदा दाखवायची. लालीबाईनं ओट्यावरचा बल्ब दोनदा. ज्याची डबल आली नाही, त्याच्याकडे बाकीच्यांनी जायचं. आणि हिरवा थांबेचना, लुकलुकतच राहिला, तर ती सिंगल. हातातलं टाका आणि या. पाटीवर लिहून सगळ्यांना दाखव. पुसद-यवतमाळ करणाऱ्या माणसाला डबल घंटी समजावून सांगावी लागत नाही. सेलही वाचतील.

सोबत सेलची एक जोडी आहे. दवाळीनंतर थोडे दिवस पुरेल. पुढची जोडी पाठवायची की तुझी खाट टाकायची, हे तोवर कळेल. तुझ्या पत्रावरून ठरवणार नाही, लालीबाईला विचारून ठरवीन. तिला गोष्टीत भाकर घालता येत नाही.

तुझी
पुष्पा


तांडा
१२ नोव्हेंबर

चि. पुष्पास आशीर्वाद.

दवाळीत तुम्हा एस.टी.वाल्यांना सुटी नाही, हे माझं नशीब. पोरी हातात दिवे घेऊन, मेराची गाणी म्हणत घरोघरी आशीर्वाद मागायला आल्या, तशा माझ्याही दारात आल्या. दरवर्षी मी त्यांना तांडा दणाणेल असा आशीर्वाद द्यायचो. या वर्षी हिरव्यानं डबल दिली. खिदळत पळाल्या. त्या दिवसापासून तांड्यात जो तो एकमेकाला डबल देतो. चेष्टेचेष्टेत सगळ्यांना सवय लागली.

आता नागोरावचं ऐक. तुला कँटीनमध्ये कळायच्या आधी मीच सांगतो.

परवा दिवेलागणीनंतरची गोष्ट. नागोराव ओरडायला लागला, "डुक्कर आलं रे! धावा रे, डुक्कर!" माझा आवाज गेल्यापासून शिवारात मोठा आवाज त्याचाच. सगळ्यांनी ऐकला. आणि केलं काय? ज्यानं त्यानं आपापली थाळी घेतली आणि बडवली. नागोरावनं डुक्कर हुसकलं की ते आपल्याकडे वळणार, हे ठरलेलं. मीही डबा बडवला, लपवत नाही. तो जेवढा ओरडे तेवढे आम्ही जोरात बडवत होतो. मग त्याचा आवाज थांबला. म्हटलं, गेलं डुक्कर.

जेवलो. हिरवा लावला, दोन दिल्या. लालीबाईचा बल्ब दोनदा गेला-आला. नागोरावची बॅटरी नाही. मी पुन्हा दोन दिल्या. तरी नाही. त्याच्या वावरातले डुकराचे लाल-निळे दिवे मजेत लुकलुकत होते. पूर्वीचा मी असतो तर तेवढं पाहून आडवा झालो असतो. काठी घेतली आणि बांध ओलांडला.

तो तुरीच्या ओळीत पडला होता. डुकरानं मांडी फाडली होती. मला पाहून म्हणाला, "हरिसिंग, किती बोंबललो रे मी. काहून नाही आलं कोनी?" डोक्याचं पागोटं सोडून त्याची मांडी आवळून बांधली. खांद्यावरचा हिरवा काढून काठीच्या टोकाला लावला, काठी ढेकळात रोवली आणि दिवा चालूच ठेवला. सिंगल. मग त्याचा हात धरून बसलो. तो म्हणत होता, "जाऊ नोको." मी मान हलवत होतो. अंधारात त्याला मान दिसत नव्हती, म्हणून हात दाबत राहिलो.

सगळ्यात आधी लालीबाई आली. तिच्या हातात खरोखरच भाकर होती. तू विश्वास ठेव, नको ठेवू. तिच्या मागून तांडा आला. खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेला, एका पिकअपमध्ये टाकला आणि पुसदला पोचवला. रक्त फार गेलं होतं, पण वाचला. काल भेटून आलो. दवाखान्यातल्या जेवणाला शिव्या देतो आहे, म्हणजे बरा आहे. त्याची बायको माझ्या पाया पडायला लागली, मी पळालो.

पुष्पा, इतके दिवस मला वाटायचं की आवाज गेला म्हणून मी एकटा पडलो. नागोरावला एवढा आवाज आहे, तरी तो त्या तुरीत एकटाच पडला होता. परवापासून माझ्या मनातलं ते दुखणं गेलं.

सेल संपत आले आहेत. हिरवा मंद झाला आहे. सौदा तो सौदा. तू ठरवशील ते मला मान्य आहे. खाट टाकलीस तर खिडकीपासून जरा लांब टाक.

तुझा
बा


यवतमाळ
२४ नोव्हेंबर

ती. बा यांस दंडवत.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लालीबाईनं फुलसावंगीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला. त्यानं तो जसाच्या तसा सांगितला, "पुष्पाले सांगजो, भाकर खरी होती, चटनी लावेल होती."

पण मला स्वतः बघायचं होतं. तुझ्याकडे येऊन नाही, तू मला बघून आणखी दोन भाकरी घातल्या असत्यास. मी एका बाईबरोबर ड्यूटी बदलून घेतली. काल फुलसावंगीवरून जाणारी संध्याकाळची गाडी केली. गाडी पुढे उमरखेडला मुक्कामाला जायची होती, उतरता येणार नव्हतं. ड्रायव्हर उत्तमसिंग होते. त्यांना काही सांगितलं नाही.

तांड्याच्या अलीकडचं वळण आलं तेव्हा चांगलाच अंधार झाला होता. मी डाव्या खिडकीशी वाकून उभी राहिले. बा, तू लिहिलं होतंस ते खरं आहे. खाली सगळं शिवार लुकलुकत होतं. लाल, निळे, पांढरे, कुठून कुठे बघावं कळेना. मला वाटलं, यात तुझा दिवा मला काय दिसणार. तू जेवलास की नाही, की गाडी लवकर आली, की सेलच गेले? गाडी वळण संपवत होती.

तेवढ्यात दिसला. अगदी मंद, हिरवा. एक, दोन. आणि गेला. लगेच ओट्यावरचा बल्ब दोनदा. मग नागोरावकाकांच्या वावरातून एक बॅटरी, दोनदा. काका तर अजून खाटेवर आहेत, ती काकू असणार.

माझा हात आपोआप वर गेला आणि मी दोरी ओढली. दोनदा. गाडी चालू होती, कोणी चढत नव्हतं, उतरत नव्हतं. उत्तमसिंगांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"ओ बाई, गाडी त चालूच हाय. डबल कायले मारता?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "तुमच्यासाठी नाही मारली दादा."

तुझी
पुष्पा

ता.क. सोबत सेल पाठवते आहे. या वेळी मोठा पुडा घेतला आहे. ओलाव्यात ठेवू नको.